इलेक्ट्रॉन झालेला मोईन

पाचोडच्या चतुराबाई सुजलेलं मनगट घेऊन दवाखान्यात आल्या खऱ्या, पण एक्स-रेच्या खोलीचा उंबरठा काही ओलांडेनात. एक्स-रे काढणाऱ्या मोईनला घाम फुटला. डॉक्टर दीपमालांनी सकाळीच बजावलं होतं, की या आठवड्यात दोन पेशंट फोटो न काढता पळाले. तिसरा पळाला, तर तूही त्याच्यामागे जा.

"मावशी, चला ना आत."

"नाय बाबा. त्या डब्यात किरणं भरून ठेवलेत. उघडलं की अंगावर येतेत."

"भरलेले नसतात हो. बटण दाबलं की तयार होतात, सोडलं की खलास."

"तयार कशानं होतेत?"

बाकावरच्या चार पेशंटांनीही कान टवकारले. मोईनने सांगितलं, की नळीत एक तार असते. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, हजारो व्होल्टच्या ओढीने सुसाट धावतात आणि समोरच्या टंगस्टनच्या चकतीवर आदळून एकदम थांबतात. त्या धडकेतून एक्स-रे निघतात.

"सगळ्या धडकेचे?"

"नाही. शंभरातला एखादा भाग. बाकी नुसती उष्णता."

"म्हंजी आमची ग्रामपंचायतच की," चतुराबाई म्हणाल्या. "पर डोळ्यानं दिसल्याबिगर मी नाय मानणार."

मोईनने चपला काढल्या. "हा बाक म्हणजे तार. मी इलेक्ट्रॉन. ते दार टंगस्टन."

तो धावला आणि दाराला हलकेच टेकला.

"एवढ्यानं तर चहाबी गरम व्हायचा नाय," चतुराबाई म्हणाल्या. बाकावरचे चौघे हसले.

मोईनला ते झोंबलं. तो पार जिन्यापासून सुटला. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि दाराला आतून शिशाचा पत्रा होता. सगळा दवाखाना दणाणला.

"निघालं का किरण?"

"नाही," मोईन फरशीवरूनच म्हणाला. "कोपर गेलं."

चतुराबाईंची मात्र खात्री पटली. त्या आपणहून आत गेल्या. मोईनने डाव्या हाताने बटण दाबलं. मनगट शाबूत निघालं, नुसती मुरगळ. मग डॉक्टरांनी मोईनचा फोटो काढला. कोणतं बटण दाबायचं, ते तोच टेबलावर पडून कण्हत सांगत होता. हाड दोन जागी मोडलं होतं.

प्लास्टर घालून डॉक्टर बाहेर डोकावल्या. चतुराबाईंनी बाकावरच्या चौघांना रांगेत उभं केलं होतं. एकीला बांगड्या काढायला लावल्या होत्या, आणि जिन्याकडे सरकणाऱ्या एका काकांना सदऱ्याला धरून मागे ओढलं होतं.

"तुला दीड महिना सुट्टी," डॉक्टर मोईनला म्हणाल्या आणि बाहेर वळल्या. "मावशी, पाचोडहून सकाळची पहिली एसटी किती वाजता निघते?"