नबीलचा गुडघा आणि मुश्ताकचा शुक्रवार

गुरुवारी जेवताना मुश्ताकने घरात जाहीर करून टाकलं, "उद्या जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की मी झोपणार. मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत. घराला आग लागली तरी आधी सामान बाहेर काढा, मला शेवटी उठवा."

तुम्ही म्हणाल, काय आळशी माणूस! पण त्याची बाजू ऐका. मुश्ताक अमिरातीत, अल ऐनमधल्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता, आणि महिना जूनचा होता, सन दोन हजारचा. जूनमध्ये अल ऐनमधले निम्मे एसी बंद पडतात आणि उरलेले बंद पडतील या धास्तीने लोक फोन करतात. आठवड्यातून एकच सुट्टी, तीही शुक्रवारची, आणि सलग सहा शुक्रवार त्याने लोकांच्या गच्च्यांवर काढले होते. राऊंडअबाऊटपाशी गाडी थांबली की तेवढ्यात तो पेंगायचा. मागच्याने हॉर्न दिला की "हो साहेब, फिल्टर साफ करतो" म्हणत दचकून जागा व्हायचा. सातवा शुक्रवार कसाबसा मोकळा मिळाला होता. त्याला जगात दुसरं काही नको होतं.

घरात बायको शहनाझ, अकरा वर्षांची मुलगी एमान, आणि रत्नागिरीहून तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आलेल्या हव्वाबी. हव्वाबी म्हणजे शहनाझची आई आणि मुश्ताकची मामी. सासू आणि मामी एकाच माणसात एकवटल्यावर जावयाने बोलायचं काय?

हव्वाबींना इथे करमेना. खाली उतरावं तर ऊन, खिडकीत बसावं तर समोर भिंत. म्हणून एमानने त्यांना आपल्यासोबत कार्टूनला बसवलं. दर शुक्रवारी चार वाजता लागणारं जपानी कार्टून होतं ते, हायस्कूलच्या व्हॉलीबॉल टीमचं. बोलायचे मात्र सगळे एकदम शुद्ध अरबीत. अरबी करणाऱ्यांनी पोरांची नावंही बदलून टाकली होती, त्यामुळे डोळ्यांवर केस आलेल्या त्या जपानी हिरोचं नाव होतं नबील. एमान शाळेत अरबी शिकत होती, ती नानीला समजावून सांगायची. "नानी, हिज नी इज फिनिश्ड. डॉक्टर बोलला, आता खेळला तर नेव्हर अगेन. बट फायनल आहे ना."

हव्वाबी हेलावल्या. एरवीही अरबी कानावर पडलं की त्यांची ओढणी आपोआप डोक्यावर जायची. अरबी बातम्यांत हवामान सांगत असले तरी त्या अदबीने ऐकायच्या. अशा भाषेत आईविना वाढलेलं पोर गुडघा धरून विव्हळतंय म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्या पाचही नमाजांनंतर नबीलसाठी दुआ मागू लागल्या. वर मन्नतही मानली, की पोराचा गुडघा बरा झाला तर वीस माणसांना जेवू घालीन.

ही सगळी चित्रं आहेत हे त्यांना ठाऊक होतं बरं का. फक्त गावातल्याच ओळखीच्या मैमुनाबींना फोनवर सांगताना तेवढा तपशील महत्त्वाचा वाटला नाही.

मैमुनाबींना एक गोष्ट सांगितली की अल ऐनमधल्या झाडून सगळ्या कोकणी घरांत ती चहा निवायच्या आत पोचायची. आणि पोचलं ते असं: शहनाझकडे नबील नावाचा मुलगा आहे, हायस्कूलातला. आई नाही. गुडघा कामातून गेला, डॉक्टरांनी हात टेकले. शुक्रवारी चार वाजता घरातले सगळे त्याला बघत बसतात आणि रडतात. आता आपल्या माणसांत आजाऱ्याला बघायला जायचं ते शुक्रवारी, आणि रिकाम्या हाताने नाही. परमुलखात तर नाहीच नाही.

शुक्रवारी दोन वाजता मुश्ताकने पडदे ओढले, एसी अठरावर लावला आणि डोक्यावरून चादर घेतली.

पावणेतीनला मैमुनाबी सांदणांचा डबा घेऊन आल्या. मागोमाग आणखी दोन घरं आली. शहनाझला वाटलं, आईने बोलावलंय. हव्वाबींना वाटलं, कार्टून बघायला आल्यात. त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलंच नाही. साडेतीनपर्यंत हॉलमध्ये सोळा माणसं झाली आणि चपला लिफ्टपर्यंत गेल्या. आजाऱ्याचं घर म्हणून सगळे हळू आवाजात बोलत होते, आणि शहनाझला त्यांचं कौतुक वाटत होतं, की मुश्ताकच्या झोपेची केवढी काळजी घेतायत.

"आत का?" मैमुनाबींनी कुजबुजत विचारलं.

"आत. सहा आठवडे झोप नाही," शहनाझ म्हणाली. "आज कुठे डोळा लागलाय."

सगळ्यांनी चुकचुक केली.

तेवढ्यात खैरुद्दीनचाचा आले. हे मूळचे रायगडचे, इथे ट्रेलर चालवायचे, पण खरी कीर्ती हाडं बसवण्यात. येताना गावाकडच्या तेलाची बाटली आणली होती. आजारी झोपलाय हे कळल्यावर ते म्हणाले, झोपेतच बरं, गुडघा सैल असतो. आणि कोणी काही बोलायच्या आत बेडरूममध्ये शिरले.

अंधारात दोन दणकट हातांनी मुश्ताकचा उजवा गुडघा धरला.

"कॉम्प्रेसर गेला, खलास," मुश्ताक झोपेत पुटपुटला.

"घाबरू नको, बाळा," चाचा म्हणाले. "दोनच मिनिटं दुखेल."

दुखलं मात्र चांगलं दहा मिनिटांचं एकदम. मुश्ताकची किंकाळी हॉलमध्ये पोचली आणि बायकांनी दुआ सुरू केली. चाचांनी दिवा लावला. मिश्या बघितल्या, टक्कल बघितलं, आणि बाहेर तोंड करून म्हणाले, "हायस्कूलच्या मानाने पोरगा मोठा आहे."

लंगडत मुश्ताक हॉलमध्ये आला. सोळा माणसं त्याच्याकडे बघत होती. कोण नबील, कुठला नबील, असं त्याने विचारेपर्यंत चार वाजले, टीव्हीवर शीर्षकगीत लागलं आणि एमानने बोट दाखवलं. "दॅट्स नबील."

सगळ्यांनी आधी टीव्हीकडे आणि मग हव्वाबींकडे बघितलं. हव्वाबी शांतपणे ओढणी सारखी करत होत्या. "तो या घरात राहतो असं मी कुठे म्हटलं?" त्या म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

मुश्ताकला वाटलं, चला, आता रागावून जातील सगळे. अजून दोन तास झोप मिळेल. पण पंचेचाळीस डिग्रीत इतक्या लांब आलेली माणसं अशी जातात होय? मैमुनाबींनी डबा उघडला आणि म्हणाल्या, आलोच आहोत तर पोराला बघून जाऊ. वीस मिनिटांत अख्खा हॉल रडत होता. नबीलने त्या दुखऱ्या गुडघ्यावर उडी मारली, हवेत गेला, तिथे त्याला सगळं बालपण आठवलं, आणि भाग संपला तरी तो वरच होता.

"नेक्स्ट फ्रायडे," एमान डोळे पुसत म्हणाली.

"मग पुढच्या शुक्रवारी इथेच," मैमुनाबींनी सगळ्यांच्या वतीने ठरवलं. मुश्ताक मटकन खाली बसला. त्याला अक्षरशः रडू येत होतं, आणि ते नबीलसाठी नव्हतं.

पुढचा शुक्रवारही त्याला मोकळा मिळाला, कारण सुजलेल्या गुडघ्याने गच्चीची शिडी चढता येईना. चारला पुन्हा हॉल भरला. शीर्षकगीत संपलं. आणि त्या चॅनेलवाल्यांनी फायनलचा शेवट दाखवायच्या ऐवजी कार्टून परत पहिल्या भागापासून लावलं. शाळेचा पहिला दिवस, आणि नबील चार-चार पायऱ्या एकदम चढत धावतोय, दोन्ही गुडघे ठणठणीत.

"दे ऑल्वेज डू धिस," एमान हुंदके देत म्हणाली.

बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. हव्वाबींनी दोन्ही हात वर केले आणि तोंडावरून फिरवले. "बघितलंत? बरा झाला पोरगा." मग जावयाकडे वळल्या. मन्नत मानली आहे, वीस माणसांचं जेवण, पुढच्या शुक्रवारी. मटण त्याने सकाळी लवकर जाऊन आणायचं, आणि मगरिबपर्यंत माणसं येत राहतील, तेव्हा दारात त्यालाच उभं राहावं लागेल.

मुश्ताकने गुडघ्यावरून हात फिरवला. "मामी," तो हळूच म्हणाला, "माझ्यासाठी पण एखादी दुआ मागा ना. गुडघा फार दुखतोय."

"तुझ्या गुडघ्याला काय झालंय?" हव्वाबी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "जेव्हा बघावं तेव्हा तू झोपलेला असतोस."