वामनरावांचा पहिला डोस

डॉक्टरांनी बाही वर करायला सांगितली आणि वामनरावांना ताप आला.

निदान त्यांनी तसं सांगितलं. जाफराबादकडच्या त्या सरकारी दवाखान्यात कावीळ ‘ब’ची नवी लस आली होती, लेकरांसाठी नव्हे, कर्मचाऱ्यांसाठी. वामनराव तेवीस वर्षांपासून आरोग्यसेवक. आसपासच्या चार खेड्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातून टोचलेली. रांगेत त्यांचा दुसरा नंबर होता.

“कालपासून अंग मोडून आलंय, साहेब,” ते म्हणाले.

डॉक्टर तरुण आणि सरळ मनाचे. त्यांनी लगेच हिवताप तपासायला वामनरावांच्या बोटात सुई टोचून रक्त काढवलं, गोळ्या दिल्या आणि आठ दिवसांची रजा टाकायला लावली. त्या कडू गोळ्यांनी वामनरावांना खरंच मळमळू लागलं. बायकोने, रमाबाईंनी, मुगाच्या पाण्याखेरीज काही दिलं नाही.

खरं कारण सुईची भीती नव्हतंच. गेल्या पावसाळ्यात दवाखान्यातल्या आया उषाबाई काविळीने गेल्या. वापरलेल्या सुया उचलताना एक त्यांच्या बोटात घुसली होती. त्यानंतर डॉक्टरांनी वर पत्रांवर पत्रं लिहिली, तेव्हा कुठे ही लस आली. पण ती सुई कुणाच्या ट्रेमधली, हे फक्त वामनरावांना ठाऊक होतं. “मला बस गाठायची हाये, जल्दी उचला,” असं ते उषाबाईंना म्हणाले होते. आता त्यांच्या मरणाने आलेली लस आपण कोणत्या तोंडाने घ्यायची?

ते घरी पडून होते, म्हणून बेबीनंदा सिस्टर शिपाई सर्जेरावला घेऊन खेड्यावर लसीकरणाला गेल्या. बायांनी विचारलं, “आमचे भाऊ कुठं हायेत?”

“नव्या इंजेक्शनला भिऊन घरी झोपून राह्यले,” सर्जेराव सहज बोलून गेला.

चाळीस लेकरांतली छत्तीस तशीच परत गेली. दुर्गाबाई नावाच्या म्हातारीने नातवाला पदराखाली ओढलं. “माझ्या पोरीला ज्यानं टोचलं, तोच घेत न्हाई. मंग आमच्या लेकराला काऊन टोचता?”

पुढच्या दोन गावांत तर सिस्टरना बसायला सतरंजीही कुणी दिली नाही. आणि गोवराचे दिवस तोंडावर आले होते.

डॉक्टरांनी वामनरावांना बोलावून घेतलं. “तुमचा ताप तीन गावांत पसरलाय,” ते शांतपणे म्हणाले. “उतरवायचा कसा, तुम्हीच सांगा.”

बुधवारी वामनराव दुर्गाबाईंच्या गावात देवळाच्या ओट्यावर, सगळ्या बायांसमोर, बाही दुमडून बसले. लस बर्फाच्या डब्यातून आणली होती.

“आधी सांगा भाऊ, पळाल्ते काऊन?” दुर्गाबाईंनी विचारलं.

वामनरावांनी सांगितलं. सुईचं, ट्रेचं, बसचं. सांगताना त्यांनी वर पाहिलं नाही.

“उषी माझ्या माहेरची,” दुर्गाबाई म्हणाल्या. “तिची पोरगी माझ्या भावाकडं राह्यती.” मग सिस्टरकडे वळल्या. “टोचा यांना. जरा जोरात.”

सिस्टरनी टोचलं. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सुईचं असेल असं सगळ्यांनी धरून घेतलं. दुर्गाबाईंनी नातवाला पुढे केलं. संध्याकाळपर्यंत सदतीस लेकरं झाली.

दुसरा डोस महिन्याने होता, तिसरा सहा महिन्यांनी. महिना झाला, तीन झाले. वरून साठा आलाच नाही. वामनराव दर सोमवारी तालुक्याला विचारून येत आणि तसेच खेड्यावर जात.

“दुसरं घेतलं का?” दुर्गाबाई विचारत.

“आलं न्हाई अजून.”

“अर्ध्यावर सोडलं तर उपेग न्हाई, भाऊ. तारीख ध्यानात ठेवायची असती. कितीदा सांगायचं माणसाला?”

तेवीस वर्षं हेच वाक्य ते दारोदार बोलत आले होते. मान खाली घालून त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढचं लेकरू मांडीवर घेतलं.