हॅरो हिमवीर यांची चार मिनिटं

कार्यक्रम कसा आखावा, हे मला कुणी शिकवू नये! मंडळाचं स्टेज मी अकरा वर्षं सांभाळतोय. त्यामुळे इथे विलायतेत स्टॅनमोर-पिनर-एजवेअरच्या मराठी मंडळींनी 'हॅरो हिमवीर' हा आइस हॉकीचा संघ काढला, तेव्हा मॅनेजर मीच होणार हे उघड होतं. मला स्केटिंग येत नाही. पण त्याचा मॅनेजरकीशी काय संबंध?

लीग अगदी तळातली. तरी पहिल्या दोन मॅचना आम्ही पोचलोच नाही. एकदा निम्मी टीम गणपतीच्या आरतीला, दुसऱ्यांदा निम्मी टीम मुलांच्या शाळेला हाफ-टर्मची सुट्टी म्हणून स्पेनला! तिसरीही मॅच झाली नाही तर लीगमधून बाहेर, असं पत्र आलं.

ते सगळ्यात जास्त लागलं कल्याणीला. कल्याणी म्हणजे माझी बायको आणि आमची गोलकीपर. आठ महिने ती रोज ऑफिसआधी बर्फाच्या रिंकवर जात होती. संध्याकाळी पॅड बांधून गॅरेजमध्ये उभी राहायची आणि मी टेनिस बॉल मारायचो.

"मला एक मॅच हवीय, विक्रांत," ती म्हणाली. "एकच. पण खरी."

"मॅच काय घेऊन बसलीस? सोहळा करतो सोहळा!"

तिथेच चुकलं.

शनिवारी सव्वापाच ते सव्वासहा बर्फ आमचा होता. पाहुणा संघ वेळेवर आला. ज्येष्ठ मंडळी घसरू नयेत म्हणून मी बर्फावर सतरंजी अंथरली, तिच्यावर खुर्च्या मांडल्या, मागे बॅनर लावला. बॅनरवर आमचे प्रायोजक अतुल यांचा हात जोडलेला भलामोठा फोटो. अतुलचं एजवेअरला मसाल्यांचं दुकान आहे, जर्सी त्यानेच दिल्या होत्या. ऐन वेळी तो नागपूरला गेला, म्हणून सत्काराला त्याची बायको शिल्पा आली.

रिंकवर ज्योत चालत नाही, म्हणून समई बॅटरीची. तिचं बटण सापडेपर्यंत पाच पंचवीस झाले. मग प्रास्ताविक. ते माझंच, अस्सल मराठीत. मग अध्यक्ष शशिधरकाका.

"मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," काका म्हणाले आणि मंडळाच्या स्थापनेपासून सुरू झाले.

मग सेक्रेटरी उल्काने अतुलचा संदेश वाचला. थंडीने तिचा आवाज कापत होता. शिल्पाला आधीच सर्दी. शाल घेताना तिच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. तेवढ्यात पाहुण्या संघाने हेल्मेटं काढून माना खाली घातल्या. रेफ्रीनेही घातली.

"बघा काका," मी कुजबुजलो, "याला म्हणतात शिस्त!"

त्यांचा कॅप्टन ग्रॅहम. त्यालाही शाल दिली, तर त्याने माइक मागून घेतला. "मी त्यांना ओळखत नव्हतो," बॅनरकडे बघत तो हळू आवाजात म्हणाला, "पण चेहऱ्यावरून कळतं, माणूस मोठा होता." मला भरून आलं. मग त्याने एक मिनिट शांतता पाळायची विनंती केली. आम्ही सगळे पटकन उभे राहिलो. का, ते कुणीही विचारलं नाही. सभेत शांतता पाळा म्हटलं की आपण पाळतो! शिल्पानेही पाळली.

आभारात उल्काचं नाव राहिलं. ती रुसली, म्हणून आभार पुन्हा झाले. घड्याळात सहा दहा.

"विक्रांत! आवर!" गोलमधून कल्याणी ओरडली.

नमनालाच घडाभर तेल गेलं होतं, त्यात सतरंजी बर्फाला चिकटली. ओढली तर अर्धी हातात आली, अर्धी मैदानातच राहिली. उरली चार मिनिटं. त्या अर्ध्या सतरंजीला चुकवत एकदाची मॅच सुरू झाली.

पण पाहुणे काही गोल मारेनात! पक, म्हणजे ती रबरी चकती, घेऊन कल्याणीपर्यंत यायचे, थांबायचे आणि अदबीने तो आमच्याच माणसाला देऊन परत जायचे. चौथ्या वेळी कल्याणी गोल सोडून पुढे आली.

"मारत का नाहीयेस?" तिने ग्रॅहमला विचारलं.

"आज बरं दिसणार नाही," तो म्हणाला. "त्यांच्या पत्नीसमोर."

"कुणाच्या?"

त्याने बॅनरकडे बोट दाखवलं.

"अतुल? अरे, तो गेला नाहीये! म्हणजे गेलाय, पण नागपूरला!"

भोंगा वाजला. शून्य-शून्य. एवढ्याशा खेळाला मॅच म्हणता येत नाही, असं लीगने कळवलं आणि हॅरो हिमवीर संपले.

गाडीत कल्याणी पॅड न काढताच बसली होती. "एक शॉट नाही, विक्रांत," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही." मला स्वतःची खरंच लाज वाटली.

तीन दिवसांनी ग्रॅहमचा फोन आला. त्यांचा गोलकीपर लीड्सला राहायला गेला होता. कल्याणीने जागच्या जागी हो म्हटलं, मॅनेजरला विचारलंसुद्धा नाही!

गेल्या शनिवारी ती त्यांच्याकडून खेळली. शिट्टी वाजली आणि खेळ सुरू. कल्याणीवर अकरा गोल झाले. बाहेर आली ती घामाने निथळत, लालबुंद आणि इतकी खूश, की आमच्या लग्नातही मी तिला एवढी खूश पाहिली नव्हती. सगळी टीम तिच्याभोवती जमली. माझा ऊर भरून आला. अशा प्रसंगी कुणीतरी काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी पुढे झालो आणि घसा खाकरला.

"विक्रांत," कल्याणी म्हणाली, "बॅग उचल."