बिनऔषधाची बाटली

जंतूंवर नवं औषध घातलेल्या बाटलीतलं द्रावण स्वच्छ दिसलं आणि सूनबाईने प्रयोगशाळेतच टुणकन उडी मारली. क्षयाचा जंतू मेणाचा जाड अंगरखा घालून बसतो. भलीभली औषधं दारातूनच परत फिरतात. आत शिरेल असं औषध घडवण्यात तिची वर्षं गेली होती, आणि यंदाही जमलं नसतं तर काम बंद होणार होतं.

तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. त्यांनी लगेच पैसे देणाऱ्या मंडळींना आमंत्रणं धाडली. मग तिने शेजारची, औषध न घातलेली बाटली पाहिली. तीही स्वच्छ. खरं तर तिथे जंतूंनी गढूळ गर्दी करायला हवी होती. तिने बाटल्यांच्या उबदार पेटीला हात लावला, तर पेटी गार.

"ती होय? नुसतीच चालू होती," साहेब म्हणाले. "मीच बंद केली. वीज वाचवायला नको?"

म्हणजे औषधाने कोणी मेलं नव्हतं, गारठ्याने सगळे निजले होते. पेटी सुरू केली, पाहुण्यांचं येणं कसंबसं पुढे ढकललं, आणि जन्मभर जंतूंच्या जिवावर उठलेली ही बाई आता त्यांच्याच जिवासाठी झुरू लागली. बिनऔषधाचे वाढलेच नाहीत, तर औषधाचे मेले हे मानणार कोण?

घरी सासूबाई रोज दारातच विचारायच्या, "वाढले का गं?" त्यांना तरुणपणी क्षय झाला होता, महिनोन्महिने मूठमूठ गोळ्या गिळून त्या उठल्या होत्या. तरी म्हणायच्या, "ऊब कमी पडत असेल. खायला नीट घालतेस ना?" एवढी चौकशी आपल्या तापात कधी झाली नाही, अशी सूनबाईच्या नवऱ्याची तक्रार होती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बिनऔषधाची बाटली गढूळली. औषधाची मात्र स्वच्छच. औषध खरंच आत शिरलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच घळाघळा रडली आणि डोळे पुसत तिने घरी फोन लावला.

"आई, वाढले."

"सुटलीस गं बाई." सासूबाईंचाही आवाज भरून आला. "आता काय करणार त्यांचं?"

"मारणार. आपलंच औषध घालून."



"मेल्यांनी माझं अर्धं फुप्फुस खाल्लं," सासूबाई म्हणाल्या, "पण रोज विचारपूस केली की माया लागते गं. उद्या पाहुणे जाऊ देत, मग मार."