बबनभाऊंची गावकी

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही अगदी एकटे गेलात, तरी बबनभाऊ ‘जयभीम’ म्हणून लगेच विचारतात, “किती जण आलात?”

मागे वळून बघू नका, मागे कुणी नसतं. माणूस म्हणजे कोट्यवधी पेशींचं गाव, असं त्यांचं म्हणणं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी “एकटीच आलेय” म्हणाले, तर ते गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, बायॉलॉजी शिकवायला आलात ना? मग असं बोलू नका.”

बबनभाऊ आमचे लॅब असिस्टंट. राहणार औंढे. शिक्षण बारावी, पण पंचवीस वर्षं मायक्रोस्कोप पुसता पुसता त्यातून बघायचं वेड लागलं. रविवारी कुरवंड्याकडे जाऊन डबक्यातलं हिरवं पाणी लोणच्याच्या बरण्यांतून आणतात. त्यामुळे त्यांच्या बायकोचं, शांतावहिनींचं, लोणचं कायम वाट्या-पातेल्यांत.

तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा धडा आला की मी त्यांनाच पुढे करते. “एका मोठ्या पेशीनं बारकी पेशी गिळली. गिळली, पण पचवली न्हाई. आतली म्हणाली, मी कमवते, तू घर दे. तवापासनं हितंच. लय कष्टाळू घरजावई!”

एकदा हे दारावरून जाणाऱ्या गणिताच्या सरांनी ऐकलं. ते खरोखरच सासुरवाडीत राहतात. आठ दिवस बोलले नाहीत. बबनभाऊ समजूत घालायला गेले, “सर, घरजावई नसता तर आपण अजून जंतूच असतो.” सरांनी आणखी आठ दिवस वाढवले.

धड्यात पुढे बबनभाऊ मायक्रोस्कोपखाली डबक्याच्या पाण्यातला हिरवा गोळा दाखवतात. शेकडो पेशी एकमेकींना धरून पोहणाऱ्या. “एकटीला जगता येत व्हतं की! तरी एकत्र ऱ्हायल्या. कुणी पोहायचं बघती, कुणी पोरांचं. ही गावकी.” कॅन्सरही ते एका वाक्यात उरकायचे, “एखादी पेशी गावकीचं ऐकंना झाली, की संपलं.”

यंदा दिवाळीनंतर त्यांनी कुणाला काही विचारणंच सोडलं. बरण्या रिकाम्या पडल्या. मी दोनदा खोदून विचारलं, तेव्हा कळलं. शांतावहिनींच्या मानेत गाठ आली होती. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता.

रिपोर्ट आणायला मी त्यांच्याबरोबर तळेगावला गेले. पाकीट घेऊन ते हॉस्पिटलबाहेरच्या कट्ट्यावर बसले. उघडेचनात.

“भाऊ, बघा तरी.”

“तुमीच वाचा मॅडम. मला यातलं जरा जास्तच कळतं.”

मी वाचलं. खात्रीसाठी पुन्हा वाचलं. “साधी गाठ आहे, भाऊ. कॅन्सर नाही.”

त्यांनी कागद घेतला, बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचला. मग घरी फोन लावला.

“ऐकलंस का? काय न्हाई. साधी हाय.”

पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला, “मग रडताय कशापायी?”

“रडतोय कुटं? हितं गाड्यांचा धूर लय हाय,” ते म्हणाले. कट्ट्यासमोरचा रस्ता अगदी मोकळा होता. डोळे पुसून त्यांनी विचारलं, “तू जेवलीस का?”