सर म्हणू नका

आमच्या होसकोट्याच्या कारखान्याच्या प्रमुखांना 'सर' म्हटलेलं चालत नाही. नवा इंजिनिअर पहिल्या दिवशी "गुड मॉर्निंग, सर" म्हणतो आणि देवधर अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात. "अण्णा म्हणा, काका म्हणा, टकल्या म्हणालात तरी चालेल. सर नको!" त्या बिचाऱ्याला वाटतं, साहेब किती साधे! साधे कसले? महाहट्टी माणूस आहे.

वय सत्तावन्न, मूळचे पुण्याचे, बेंगळुरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. मी निपाणीचा, मला दोन्ही भाषा येतात, हाच माझा गुन्हा. नोकरी क्वालिटी विभागात, पण गेले पाच महिने मी त्यांचा कन्नडचा मास्तर आहे. बनशंकरीहून होसकोट्यापर्यंतचे दोन तास आम्ही एकाच गाडीत असतो. सिग्नलला गाडी थांबली की हे काच खाली करून शेजारच्या रिक्षावाल्याला पकडतात. "अण्णा, गोत्तिल्ला, कलिसी!" माहीत नाही, शिकवा. झाडूवाल्या अक्कापासून मालकांपर्यंत सगळ्यांना त्यांचं हेच पालुपद.

सुरुवातीला कँटीनच्या लक्ष्मक्कांना ते चुकून "कलसी" म्हणाले. कलसी म्हणजे कालवा. त्या माउलीने हात धुतले आणि साहेबांच्या ताटातला भात, सांबार, दही, पायसम सगळं एकत्र कालवून दिलं. देवधरांनी मान खाली घालून ताट संपवलं आणि वहीत लिहिलं, 'लि नीट म्हणणे.'

आम्ही खूप हसलो. पण हे शिकणं कुठून सुरू झालं, ते आठवलं की हसू विरतं.

पाच महिन्यांपूर्वी क्रेनला लटकलेला लोखंडी साचा एकदम हेलकावला. खाली बसवराजण्णा उभे होते, क्रेन विभागातले सगळ्यात जुने कामगार. इशारे द्यायचं काम त्या दिवशी देवधरांनी हौसेनं स्वतःकडे घेतलेलं. घाबरल्यावर माणूस घरच्या भाषेत ओरडतो. "सर! अरे सर, सर!" देवधर ओरडले. बसवराजण्णांना मराठीचा गंध नाही. साहेब उलट आपल्यालाच सर का म्हणताहेत, म्हणून ते वळून बघत राहिले. साचा पायावर आदळला, उजव्या पायाची दोन बोटं गेली.

क्रेनच्या माणसांनी सांगून टाकलं, या साहेबांच्या हाताखाली काम करणार नाही. मालक म्हणाले, मध्ये एक कन्नड सुपरवायझर ठेवू, तुम्ही केबिनमध्ये बसा. देवधर ऐकेनात. "माझी हाक ज्यांना कळत नाही, त्यांचा मी प्रमुख कसला? मी शिकतो. बसवराजण्णा परत येतील तेव्हा तेच परीक्षा घेतील. नापास झालो तर राजीनामा."

ती परीक्षा गेल्या सोमवारी झाली. गाडीत साहेबांनी एकाही रिक्षावाल्याला छळलं नाही. नुसते ओठ हलत होते. मीच वैतागून म्हणालो, "स्वल्प श्वास तरी घ्या!"

क्रेनला या वेळी वाळूची पोती बांधली होती. बसवराजण्णा लंगडत आले आणि थेट त्याच जागी जाऊन उभे राहिले. त्यांनी क्रेनवाल्याला हात केला. पोती हलली, मग झोका घेऊन सुटली. सगळा विभाग देवधरांच्या तोंडाकडे बघत होता. एक क्षण ते तोंड नुसतंच उघडं होतं. मला वाटलं, संपलं.

"हिंदे होगी!" देवधर ओरडले. "हिंदे होगी, अण्णा! बेग, बेग!"

मागे व्हा, लवकर. बसवराजण्णा मागे झाले. पोती त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावरून गेली. कुणीतरी टाळी वाजवली, पण अण्णांचा चेहरा हलला नाही.

देवधर त्यांच्याजवळ गेले. माफीचं अख्खं पान त्यांनी पाठ केलं होतं. महिनाभर मी ते गाडीत रोज ऐकत होतो. आता त्यातला एक शब्द आठवेना. ते अण्णांच्या उजव्या बुटाकडे बघत राहिले.

"चुकलं माझं, अण्णा," ते मराठीत म्हणाले. "फार चुकलं हो." आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला.

मी भाषांतर करायला पुढे झालो. बसवराजण्णांनी हातानं मला थांबवलं.

"गोत्तायतु," ते म्हणाले. कळलं. मग देवधरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "केलसा माडोणा, सर." चला, कामाला लागू.

सर! मी देवधरांकडे पाहिलं. देवधर दचकले नाहीत.

"सरी, अण्णा," म्हणाले. बरं, अण्णा. आणि हेल्मेटचा पट्टा उगीचच पुन्हा पुन्हा आवळत राहिले.