राणीसाहेबांच्या गाडीचा चार्ज कोठे जात होता, त्याची बखर

श्री कुलदेवता समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे घडले त्याविषयी साहेबी पुसिले की, सुभानराव राजे यांचे राज्य आबाद, रयत संतुष्ट, ऐसे असता राणीसाहेब मंजुळाबाई राज्य सोडून का गेल्या. त्यास जे पाहिले आणि जे विश्वासू माणसांच्या तोंडून ऐकिले, तेवढेच लिहिले आहे.

राज्य घाट आणि खाडी यांमधले. राजा शूर, न्यायी, हाताचा सढळ; परंतु स्वभाव बहुत संशयी. कारण ऐसे की, वडील महाराजांस त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने भोजनास बोलावून कैद केले होते, आणि ते राजांनी बाळपणी डोळ्यांनी देखिले होते; तेव्हापासून कोणी हसला तर का हसला, आणि गप्प बसला तर का बसला, ऐसे त्यांच्या मनात येई. राणीसाहेब या घाटापलीकडील हैबतरावांची धाकटी बहीण. लग्नाने दोन्ही राज्यांचे सूत जमले, आणि मग सरहद्दीच्या टेकडीवर पवनचक्क्या कोणी उभाराव्या यावरून ते बिनसले. ऐशात एक परदेशी सौदागर कारखान्यास जागा मागावयास आला आणि नजराणा म्हणून विजेवर धावणारी शर्यतीची गाडी घेऊन आला. रंग तांबडा, आसने दोन, आणि ठेंगणी इतकी की आत बसावयाचे म्हणजे निजावयाचेच. मग सौदागराने अदबीने अर्ज केला की, "सरकार, इच्या चालण्याच्या तीन तऱ्हा आहेत, त्यांस मोड म्हणतात. ही चकती फिरविली की इको, म्हणजे काटकसरीची, मधली नॉर्मल, आणि शेवटची स्पोर्ट, ती शर्यतीची." राजांनी पुसिले, "तिन्हीत गाडी तीच राहते?" "तीच, सरकार." "मग तीन तऱ्हा कशास?" सौदागर हसला, आणि राजांस ते हसणे आवडले नाही. त्यांनी चकती इकोवर ठेविली ती पुन्हा हलविली नाही, आणि खाडीकाठच्या मिठागरांपर्यंत हळूहळू जाऊन आले, तो चार्ज जेमतेम उतरला होता. मर्जी खूष जाहली.

राणीसाहेब माहेरी घोड्यावर वाढलेल्या, आणि लग्न जाहल्यापासून रिकिबीत पाय ठेविला नव्हता. त्यांनी एके दिवशी गाडी मागितली, आणि राजांचा त्यांजवर जीव, सबब त्यांनी दिली. मग राणीसाहेब नित्य पूजा आटोपली की एकट्याच मिठागरांकडे जात आणि भोजनाच्या आत परत येत, तेव्हा केस विसकटलेले, गाल तांबडे आणि मुद्रा प्रसन्न. राजांस प्रथम त्याचा संतोष वाटला, आणि मग वाटले की मिठागरांत ऐसे काय आहे? एके दिवशी त्यांनी सहज गाडीत डोकावून पाहिले, तो चार्ज निम्म्याखाली गेलेला. पानावर बसल्यावर पुसिले, "आज कोठवर जाणे जाहले?" राणीसाहेब म्हणाल्या, "मिठागरांपर्यंत." "आणि तेथून?" "तेथून माघारी. का?" "काही नाही," ऐसे म्हणून राजांनी ताकाची वाटी तोंडास लाविली.

मग अंताजीपंत वाकनीस यांस एकांती बोलाविले. हे वाकनीस राज्यातील गुप्त बातम्या राखीत, आणि मनुष्य ऐसा की धन्यास भीती वाटली की तिला आणखी भर घाली. त्यांनी हिशेब केला आणि खालच्या आवाजात बोलले, "महाराज, मिठागरांस जाऊन-येऊन जो चार्ज लागतो तो वजा करावा, मग जो उरतो तेवढ्यात घाट ओलांडून हैबतरावांच्या वेशीस शिवून येता येते. मी काही म्हणत नाही." राजे म्हणाले, "परंतु गाडी किती चालली तो आकडाही गाडीतल्या पाटीवर चार्जाशेजारी असतो. तो तर मिठागरांपुरताच आहे." वाकनीस म्हणाले, "आकडा फिरविता येतो. गाडी देणारा सौदागर आधी हैबतरावांकडे उतरला होता, हे ध्यानी असावे." मग एकाच पाटीवरचे दोन आकडे, त्यांपैकी राणीसाहेबांस निर्दोष ठरविणारा तो राजांनी खोटा मानिला आणि दोषी ठरविणारा तो खरा मानिला. गाडीची चाके पाहिली, तो रबर झिजलेले. वाकनीस म्हणाले, लांबच्या प्रवासावाचून ऐसे झिजत नाही. वाटेवर हेर बसविले, आणि त्यांनी येऊन सांगितले की, "गाडी काही दिसली नाही सरकार, तांबडा झपाटा तेवढा गेला." त्यांतला एक म्हणाला, शेजारच्या आसनावर कोणीतरी होते, शेला उडत होता. शेला राणीसाहेबांचाच, उकाडा जाहला म्हणून काढून ठेविलेला. परंतु राजांनी त्या शेल्यात हैबतरावांचा वकील बसविला, आणि त्यांची झोप उडाली.

अखेर न राहवून ते राणीसाहेबांच्या महाली गेले आणि उभ्याउभ्याच बोलले, "चार्ज कोठे जातो?" राणीसाहेबांस प्रथम अर्थबोध होईना, आणि मग जाहला, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आपण माझ्या मागावर माणसे ठेविली?" मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चलावे. शेजारी बसावे, आणि आपल्याच डोळ्यांनी पाहावे."

मग दोघे गाडीत बसले. राणीसाहेबांनी इको लाविले, आणि गाडी ऐसी गेली की बाजारातल्या लोकांस मुजरा करावयास सवड मिळाली. पेडल दाबावे तरी ती आस्तेच उचले, आतली थंड हवाही बेतानेच येई, आणि उतारावर पाय काढिला की चाकांतून वीज उलट बॅटरीत भरली जाई. मिठागरे आली. चार्ज जेमतेम उतरला होता. राजे म्हणाले, "हेच मी म्हणत होतो! मग रोजचा उरलेला कोठे जातो?" राणीसाहेब म्हणाल्या, "आता पागोटे धरावे," आणि चकती स्पोर्टवर फिरविली. तो पुढील चाकांची मोटर, जी काटकसरीत निजून असे, ती जागी जाहली, बॅटरी थंड राखणारे पंखे घुमू लागले, आणि राणीसाहेबांनी पाय नुसता टेकविला मात्र, राजांची पाठ आसनास चिकटली आणि पागोटे मागील काचेवर जाऊन आदळले. मिठाच्या राशी पांढऱ्या रेघा होऊन गेल्या. राजांनी एका हाताने दार आणि दुसऱ्याने गळ्यातला कुलदेवतेचा टाक धरिला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांस कोणाचा संशय घेण्यास फुरसत जाहली नाही. वाड्याच्या दारी गाडी थांबली. पाहतात तो, रस्ता तोच, अंतर तेवढेच, आणि चार्ज जातानाच्या कित्येक पट उडालेला.

राणीसाहेब म्हणाल्या, "पाहिले? मोड नुसता लगाम सैल करितो. वीज खातो तो माझा पाय. वेग दुप्पट केला की समोरचा वारा चौपट अडवितो, त्यास रेटण्यात सारा चार्ज जातो. मी भावाकडे जात नव्हत्ये. मी धावत होत्ये." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. राजांचे मन भरून आले. त्यांनी राणीसाहेबांच्या हातावर हात ठेविला, आणि त्या क्षणी उगे राहते तर ही हकीकत लिहिण्याचे कारण पडते ना. परंतु तोंडातून शब्द गेला, "आणि हे ऐसे चालविणे आपणांस शिकविले कोणी?" राणीसाहेबांनी हात काढून घेतला, आणि त्या आत गेल्या.

मग वाकनिसांनी सल्ला दिला की, शर्यतीची तऱ्हाच बंद करावी. म्हणाले, "गाडीस वेग नाही, तर पळणार कशा? आणि चार्जाचाही हिशेब चोख राहील." राजांस ते पटले. सौदागराकडून किल्लीचे आकडे घेऊन गाडी इकोवर कायमची बांधून टाकिली, आणि त्या दिवशी त्यांनी पोटभर भोजन केले. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून राणीसाहेब गाडीत बसल्या, चकती फिरविली, ती फिरेना. त्यांनी क्षणभर चकतीवर हात तसाच ठेविला, आणि मग गाडी हळूच वाड्याबाहेर काढिली. बाजारातून गेल्या, मिठागरांवरून गेल्या, आणि माघारी वळल्या नाहीत. घाटाच्या पायथ्याशी हेर बसला होता, त्यास गाडी थांबवून म्हणाल्या, "नीट पाहून घे बाबा. आत मी एकटी आहे. राजांस सांग, आज त्यांचा हिशेब खरा जाहला." आणि शेला आवरून पुढे चालत्या जाहल्या. चढावर थोडा चार्ज गेला, उतारावर त्यातला काही परत आला, आणि हैबतरावांच्या वेशीत शिरल्या तेव्हा बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली होती.

वाकनिसांनी जीपा काढाव्या म्हणून आज्ञा मागितली. राजे गाडीच्या रिकाम्या जागेपाशी उभे होते. म्हणाले, "कशास? वेग मीच काढून घेतला, आणि दूर जाण्याची तऱ्हा तेवढी मागे ठेविली." ऐसे म्हणून ते तेथेच पायरीवर बसले, आणि वाकनिसांस त्या दिवसापासून दरबारी बोलावणे आले नाही. हैबतराव फौज घेऊन येतील म्हणून वेशी बंद केल्या होत्या. कोणी आले नाही. पुढे फाल्गुनात त्यांचा मनुष्य गाडी पोचवून गेला. राणीसाहेब आल्या नाहीत.

एकूण मतलब इतकाच की, चार्ज कोणी चोरला नव्हता, आणि जे गेले ते राजांनी आपल्या हाताने घालविले. पवनचक्क्या दोन्हीकडील राज्यांनी मिळून उभारिल्या, त्या राणीसाहेबांच्या रदबदलीने, ऐसे म्हणतात. राजे खुशाल आहेत. गाडी वाड्यात आहे. ती कोणी चालवीत नाही. कळावे.